25 जुळ्या जोड्यांच्या एमआरआयवरून मेंदूच्या रचनेतला जनुकांचा वाटा काढता येईल का?

प्रश्न असा आहे: प्रबंधासाठी नाशिक परिसरातल्या 25 जुळ्या जोड्या तयार आहेत, 15 एकबीज आणि 10 द्विबीज, सगळे शाळकरी. नाशिकरोडकडच्यांचे स्कॅन एका सेंटरवर आणि पंचवटीकडच्यांचे दुसऱ्या सेंटरवर काढले तर चालेल का?

आकडा निघेल, पण त्याच्या भरवशावर काही म्हणता येणार नाही. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी असतात, तर द्विबीजांची सख्ख्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी. म्हणून दोन गटांच्या सहसंबंधांमधला (जोडीतल्या दोघांची मापं किती जुळतात त्या आकड्यांमधला) फरक काढून त्याची दुप्पट केली की जनुकांचा वाटा मिळतो. समजा एकबीजांत 0.80 आला आणि द्विबीजांत 0.45, तर जनुकांचा वाटा 0.70, घरादाराच्या सामायिक परिस्थितीचा 0.10 आणि उरलेला, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या अनुभवांचा आणि मोजमापातल्या चुकीचा, 0.20. आता 95 टक्के मर्यादा बघा. 15 जोड्यांवरचा 0.80 प्रत्यक्षात 0.49 ते 0.93 मध्ये कुठेही असू शकतो आणि 10 जोड्यांवरचा 0.45 उणे 0.25 ते 0.84 मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढले, मग फरक कशातून काढणार? 100-100 जोड्या घेतल्या तर ते 0.72 ते 0.86 आणि 0.28 ते 0.59 होतात. मेंदूच्या प्रतिमांचे संशोधक पॉल थॉम्पसन यांचा 2001 मधला फिनलंडच्या जुळ्यांवरचा अभ्यास 10-10 जोड्यांचाच होता हे खरं. त्यानं वाट उघडली, पण आज तेवढ्या जोड्या पुरत नाहीत.

दोन सेंटरची अडचण मला संख्येपेक्षाही मोठी वाटते. मशीन बदललं, कॉइल (डोक्याभोवतीचं संकेत टिपणारं उपकरण) बदलली, नुसतं सॉफ्टवेअर अपडेट झालं, तरी कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) जाडीचं माप सरकतं. जोडीतले दोघे वेगवेगळ्या मशीनवर गेले तर मशीनचा फरक 'उरलेल्या' वाट्यात जातो आणि आनुवंशिकता, म्हणजे जनुकांचा वाटा, खोटी कमी दिसते. दोघे एकाच मशीनवर, पण जोड्या दोन मशीनवर वाटल्या, तर जोडीतला सारखेपणा फुगतो आणि तो सामायिक परिस्थितीच्या खात्यात जमा होतो. त्यातून एका सेंटरवर एकबीज जास्त आणि दुसऱ्यावर द्विबीज जास्त गेले तर काहीच सोडवता येत नाही. त्यामुळे एकच मशीन धरा, शक्यतो 3 टेस्ला चुंबकशक्तीचं. टी-वन स्कॅन (मेंदूची रचना दाखवणारा) 1 मिलिमीटरच्या घनाकार व्हॉक्सेलचा, म्हणजे प्रतिमेच्या ठिपक्यांचा, हवा. नेहमीच्या तपासणीतले 5 मिलिमीटर जाडीचे काप या कामाला उपयोगी नाहीत. जोडीतल्या दोघांना एकाच दिवशी, लागोपाठ घ्या. निफाड-दिंडोरीकडच्या घरांना द्राक्षाच्या काढणीत तारीख देऊ नका, एक जण येतो आणि दुसरा राहतो.

स्कॅन चालू असताना मूल हललं की कॉर्टेक्स प्रत्यक्षाहून पातळ मोजला जातो. शिवाय चुळबुळीचा स्वभावही काही अंशी आनुवंशिक असतो, म्हणजे हालचालच आनुवंशिकता बनून आकड्यात शिरते. प्रत्येक प्रतिमा डोळ्यांनी तपासा, अस्पष्ट आली तर त्याच दिवशी पुन्हा घ्या. तपासणाऱ्याला कोण कोणाचं जुळं हे माहीत नसावं.

एकबीज की द्विबीज हे चेहऱ्यावरून ठरवू नका. 'वार (प्लासेंटा) एकच होती की दोन' यावरूनही नाही, कारण सुमारे एक तृतीयांश एकबीजांची वार वेगळी असते. डीएनए तपासणीच करा. वारेची माहिती मात्र डिस्चार्ज कार्डावरून नोंदवा, जन्माच्या वजनासह. एकाच वारेवर वाढलेल्या दोघांना रक्तपुरवठा असमान मिळू शकतो, आणि मग जनुकं सारखी असूनही दोघांत फरक पडतो.

मोजायचं काय, तर कॉर्टेक्सचं पृष्ठफळ आणि जाडी वेगवेगळी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या अमेरिकी जुळ्यांच्या अभ्यासात (2009) दोन्ही मापं बरीच आनुवंशिक निघाली, पण त्यांच्यामागची जनुकं जवळजवळ वेगळी. ग्रे मॅटरच्या (मेंदूच्या करड्या भागाच्या) नुसत्या आकारमानात ही दोन्ही मिसळतात. एकूण मेंदूचं आकारमान आणि छोटा एखादा भाग यांची तुलनाही जपून करा. छोट्या भागात मोजमापाची चूक मोठी असते आणि ती सगळी 'उरलेल्या' वाट्यात जाते.

तुमच्या जागी मी 25 जोड्यांचा उपयोग मोजमापाची खात्री करायला करेन: 8-10 मुलांचे दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा स्कॅन, आणि कोणता भाग किती स्थिर मोजला जातो याचा तक्ता. कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार आधी हवा. स्कॅनमध्ये अनपेक्षित गाठ वगैरे दिसली तर कोण कळवणार, हेही अर्जातच लिहा.

जनुकांच्या वाट्यासाठी ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या अमेरिकी मेंदू-स्कॅन प्रकल्पाचा डेटा घ्या. सुमारे 1200 तरुण प्रौढ, त्यांत जुळी आणि त्यांची भावंडं, 3 टेस्लावर 0.7 मिलिमीटरचे स्कॅन. प्रतिमा अटी मान्य केल्या की मिळतात, पण कोण कोणाचं जुळं ही माहिती राखीव असते. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो पहिल्याच महिन्यात पाठवा.