आधी एका चावीचं पाणी

पोरी,

परवा तू दुकानात आलीस तेव्हा मी एका सूतवाल्याच्या जीएसटीच्या भानगडीत अडकलो होतो. नीट बोलणं झालं नाही. जाता जाता तू विचारलंस, "काका, नळाला पाणी आलं की कळवणाऱ्या माझ्या ॲपचे हजार डाउनलोड कसे होतील तेवढं सांगा." मी हसलो ते तुला हसलो नाही. हजार डाउनलोड मी स्वतः करून दाखवले होते. ते कसे झाले ते आधी ऐक.

चादर आणि टॉवेलच्या घाऊक मालाचं माझं ॲप होतं. कारखानदारानं डिझाइनचे फोटो टाकायचे, बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं तिथंच ऑर्डर द्यायची. ॲप वाईट नव्हतं. पण संक्रांत जवळ आली आणि मला वाटलं, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला अख्खं सोलापूर लोटतं, इथंच टेबल टाकू. होम मैदानावर, पाळण्यांच्या जवळ. ॲप घ्या, शेंगा चटणीचं पाकीट फुकट. लोकांनी रांग लावली. एक गृहस्थ अजून डोळ्यांसमोर आहेत. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून सुप्रभातचे फोटो एकेक पुसत उभे राहिले, ॲप उतरवलं, मला दाखवलं, पाकीट पिशवीत टाकलं. मग माझ्यासमोरच, अगदी शांतपणे, ॲप काढून टाकलं आणि नातीचा पाळण्यातला व्हिडिओ घ्यायला लागले. रागवायचं कुणावर? त्यांना घाऊक चादरी कशाला लागतात? महिन्याभरानं बघतो तर उरले होते ते बहुतेक माझे नातेवाईक. वर नंतर हेही कळलं की बक्षीस देऊन डाउनलोड किंवा स्टार वाढवणं प्ले स्टोअरच्या नियमात बसत नाही. चटणीपायी खातंच गेलं असतं.

तुझं ॲप माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण ते लागतं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात "आलंय का ओ पाणी?" हा प्रश्न आपण आयुष्यभर विचारत आलोय. पूर्व भागात एका गल्लीत तो तीन भाषांत ऐकू येतो. एका दारातून तेलुगूत "नीळ्ळु वच्चाया?", दुसऱ्यातून कन्नडमध्ये "नीरु बंता?". म्हणजे गिऱ्हाईक शोधायचं तुझं काम आधीच झालंय. अडचण वेगळीकडं आहे.

तुझ्या ॲपमध्ये माहिती तू देत नाहीस, लोक देतात. ज्याच्या नळाला आधी पाणी आलं त्यानं बटण दाबायचं आणि बाकीच्यांना कळायचं. आता जुळे सोलापुरात पन्नास, विजापूर रोडला चाळीस, अशोक चौकात तीस अशी माणसं गोळा केलीस तर आकडा दिसायला छान. पण बाळीवेशीतल्या बाईनं ॲप उघडलं आणि तिच्या गल्लीत बटण दाबणारं कुणीच नसेल, तर तिच्यापुरतं ते ॲप कोरडं. एकदा उघडेल, दोनदा उघडेल, मग तिच्या लेखी ते मेलं. याउलट एकाच गल्लीत पंचवीस घरं असतील तर पंचविसांतलं कुणीतरी जागं असतंच. म्हणून हजाराचा नाद सोड आणि एक गल्ली धर.

गल्ली म्हणतोय ते चुकीचंच आहे खरं तर. तू नकाशावर प्रभागांच्या रेषा मारल्या आहेस. पाणी प्रभाग बघून येत नाही, चावी बघून येतं. चावी म्हणजे गल्लीत पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. एका चावीवर कुठली कुठली घरं आहेत हे तुला कुठल्याही नकाशात मिळणार नाही, ते चावीवाल्याच्या डोक्यात असतं. त्याच्याबरोबर दोन सकाळी हिंड. चावी फिरवल्यावर आधी उताराकडच्या नळांना पाणी चढतं आणि चढावरच्या घरांना कितीतरी उशिरा, तेही कमी दाबानं. आमच्याच गल्लीत खालच्या टोकाच्या घरांची टाकी भरते तेव्हा वरच्या टोकाला नळ नुसता फुसफुसत असतो. खालच्यानं "आलं" म्हणून बटण दाबलं तर वरच्याच्या दृष्टीनं ते खोटंच की! तेव्हा एका चावीचे निदान दोन भाग कर, उताराचा आणि चढाचा. आणि त्या चावीवाल्याचं नाव, नंबर ॲपमध्ये चुकूनही टाकू नकोस. रात्री दोनला त्याच्या घरी फोन वाजायला लागले तर तो पुन्हा तुझ्याशी बोलायचा नाही.

आता तू सांगितलेली ती विडीवाल्या बाईची गोष्ट. ती मी चार वेळा मनात घोळवली. कारखान्यात विड्या द्यायला रांगेत उभी होती, तुझं नोटिफिकेशन आलं, रांग सोडून रिक्षा करून घरी आली, नळ कोरडा. कुणीतरी पोरानं गंमत म्हणून बटण दाबलं होतं. रिक्षाचे पैसे गेले, रांगेतला नंबर गेला. तिनं ॲप काढलं एवढंच सांगून तू थांबलीस. मी विचारतो, तिच्या शेजारणींपैकी कितीजणींनी काढलं? माझ्या अंदाजानं सगळ्यांनी. असल्या गल्लीत ॲप जसं एकीच्या तोंडून सगळीकडं पोचतं, तसंच एकीच्या तोंडून जातं.

म्हणून एकट्यानं दाबलेल्या बटणावर सगळ्यांना उठवू नकोस. दोघातिघांनी दाबलं की मगच आवाज जाऊ दे. त्यात पाच-सात मिनिटं उशीर होईल, होऊ दे. पाच मिनिटं उशिरा कळल्यानं कुणाची घागर रिकामी राहत नाही, खोट्या निरोपानं मात्र अर्धा रोज जातो. आणि "येणार" आणि "आलं" या दोन गोष्टींना ॲपमध्ये वेगळे रंग, वेगळे आवाज दे. महापालिकेचं वेळापत्रक म्हणजे "येणार". उजनीहून येणारी पाइपलाइन शंभर किलोमीटरच्या घरात, मध्ये कुठं फुटली, किंवा तिकडं नदीवरच्या टाकळीच्या पंपाची वीज गेली, की ते वेळापत्रक बसलं. लोकांना ते माहीत आहे, ते समजून घेतात. समजून घेत नाहीत ते "आलं" म्हणून न येणं.

नोटिफिकेशनच्या परवानगीचंही तू उलटं केलंयस. ॲप उघडताक्षणी पहिली पाटी तीच. अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी माणसाला विचारावी लागते, आणि त्यानं दोनदा नकार दिला की फोन ती पाटी पुन्हा दाखवतच नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन चालू करायला लावणं आलं. तेवढं कोण करतंय? आधी त्याला स्वतःची चावी निवडू दे. शेवटचं पाणी कधी आलं होतं ते दिसू दे. "हां, बरोबर, सोमवारी पहाटेच आलं होतं," असं तो मनात म्हणेल, तेव्हा विचार, "पुढच्या वेळी पाणी आलं की कळवू का?" त्या क्षणाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि हो म्हटल्याबरोबर एक नमुन्याचा निरोप लगेच पाठव, आवाजासकट. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागची ॲपं झोपवून टाकतात, त्यामुळं निरोप यायचाच नाही असंही होतं. ते तिथंच कळलेलं बरं, पहाटे तीनला कळून काय उपयोग?

आवाजावरून सुचलं. तू तेलुगू लिपीत भाषांतर करून घेणार म्हणालीस. चांगलं आहे, पण घाई नको. आपल्याकडची कितीतरी तेलुगू घरातली माणसं मराठी शाळेत शिकलेली. बोलतात तेलुगू, वाचतात मराठी. त्यांना लिपीपेक्षा कानावर पडलेला शब्द जास्त आपला वाटेल. एखाद्या आजीच्या आवाजात "नीळ्ळु वच्चायि", म्हणजे पाणी आलं, एवढंच रेकॉर्ड कर आणि तो निरोपाचा आवाज ठेव. पटकन सांगू? निम्मी जाहिरात त्या आवाजानंच होईल. रिक्षात वाजला की शेजारचा विचारणारच.

प्ले स्टोअरचं. पंचवीस डॉलर भरून खातं तू उघडलंयस, ते एकदाच भरायचे असतात, आता त्याची काळजी नाही. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला मात्र ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे निवडक माणसांकडून वापरून बघणं, करावी लागते. किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. तू म्हणालीस, असे टेस्टर पैसे देऊन मिळतात. मिळत असतील, पण ते कुठल्या गावचे आणि त्यांच्या नळाचा तुझ्याशी काय संबंध? चौदा दिवस म्हणजे आपल्याकडं पाण्याचे तीन दिवस. आपल्या चावीवरची पंधरा घरं घे, एखाददुसरं गळालं तरी बारा उरतील. या तीन पाण्यांत तुला जे कळेल ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. पहिल्या पाण्याला बटणच सापडत नाही म्हणतील, दुसऱ्याला भांडी भरायच्या नादात दाबायचं राहील. ओल्या हातानं दाबता येईल एवढं मोठं बटण कर. गंमत करत नाही. पाणी आलं तेव्हा माणसाचे हात कोरडे नसतात.

आणखी एक, हे जरा रागानंच लिहितोय. तू ॲपची एपीके फाइल, प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये घालायची ती, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीस. असं पुन्हा करू नकोस. लग्नपत्रिका म्हणून, बँकेची केवायसी म्हणून एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी करणारे टोळभैरव सगळीकडं पसरलेत. मुलं आईबापांना कानीकपाळी ओरडून सांगतात की अशी फाइल उघडू नका. त्यांना तूच ती उघडायला शिकवणार? फक्त प्ले स्टोअरची लिंक दे. आणि परवानग्या कमीत कमी माग. पाणी आलं हे सांगायला कुणाचे कॉन्टॅक्ट कशाला लागतात? लोकेशनही नको, चावी तो स्वतः निवडतोय ना. मोबाइल नंबरचं लॉगिन तर काढूनच टाक. ओटीपी म्हटलं की आमच्या वयाची माणसं फोन खाली ठेवतात.

नावाचं थोडक्यात सांगतो. प्ले स्टोअरवर शीर्षकाला ३० अक्षरांची जागा आहे आणि छोट्या वर्णनाला ८०. तू ठेवलेलं संस्कृत नाव गोड आहे, पण ते कुणी शोधणार नाही. लोक "सोलापूर पाणी" असंच शोधतात, बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत. शीर्षकात ते दोन शब्द असू देत, तुझं नाव मागाहून. पहिल्या स्क्रीनशॉटवर तुझा लोगो नको, "पाणी आलं, ६ मिनिटांपूर्वी" हे दिसू दे.

प्रचाराला पैसे घालू नकोस, निदान आत्ता. क्यूआरचा कागद पिठाच्या गिरणीत लाव. दळण घेऊन बायका तिथं थांबतात, हातात फोन असतो, आणि विषय पाण्याचाच असतो. किराणा दुकान चालेल. चौकातला फ्लेक्स नको, तिथं थांबतंय कोण!

दोन माणसं तुझ्याकडं येतील, आत्ताच सांगून ठेवतो. पहिला टँकरवाला. जाहिरात द्या म्हणेल, पैसेही बरे देईल. पण ज्या दिवशी पाणी उशिरा येईल त्या दिवशी लोक म्हणतील, ही टँकरवाल्याला मिळालेली आहे. खरं असो-नसो, म्हणतील. दुसरा येईल निवडणुकीच्या तोंडावर. ॲप उघडलं की साहेबांचा हात जोडलेला फोटो, बस एवढंच. त्या फोटोबरोबर पलीकडच्या पार्टीची सगळी गल्ली ॲप काढून टाकेल. दोघांनाही चहा पाज आणि वाटेला लाव. पैशाचं पुढं बघू. सध्या तुझा खर्च असा कितीसा आहे?

एक स्टारचे रिव्ह्यू येतील, मनाला लावून घेऊ नकोस. "पाणीच येत नाही, फालतू ॲप" असं लिहितील. महापालिकेला द्यायचे स्टार तुझ्या पदरात पडणार. उत्तर दे, दोन ओळींत, न चिडता, आणि त्या चावीवर पाणी का आलं नाही ते कळलं असेल तर तेवढंच लिही. चांगला रिव्ह्यू मागायचा तर टाकी भरल्यावर माग, आधी नको.

मग वाढ झाली की नाही हे ओळखायचं कसं? डाउनलोडचा आकडा मला दाखवू नकोस. एक वही घाल, आमच्या जुन्या रोकडवहीसारखी. पाण्याच्या प्रत्येक दिवशी चावीनिहाय लिही: निरोप किती जणांना गेला, किती जणांनी उघडला, बटण कितीजणांनी दाबलं, पहिलं बटण आणि खरं पाणी यांत किती मिनिटं. लागोपाठ चार पाण्यांना त्या चावीवर तुझ्या मदतीशिवाय, तू फोन न करता, तिघांनी आपणहून बटण दाबलं, की दुसरी चावी धर. ती शेजारचीच धर. सासर-माहेर, मावशी-आत्या सगळं पलीकडच्या गल्लीतच असतं, निरोप तिकडं आपोआप जातो. एकदम हैदराबाद रोडला उडी मारलीस तर तिथं पुन्हा शून्यापासून.

आमच्या चावीला गुरुवारी पाणी आहे, वेळापत्रकाप्रमाणं पहाटे पाचला. म्हणजे साडेपाच-सहा धर. बुधवारी रात्रीच ये, काकू कडक भाकरी आणि शेंगा चटणी करणार आहे. वरच्या टोकाला आम्ही आहोत, खालच्या टोकाला माझा भाचा. दोघांच्या फोनवर ॲप घाल आणि तू मध्ये जिन्यावर घड्याळ घेऊन बस. वही मी आणून ठेवतो.

काका