नाव शोधण्याआधी क्रियापद शोध

सप्रेम आशीर्वाद.

तुझी वही वाचली. इंग्रजी अलंकारांच्या व्याख्या तुला तोंडपाठ आहेत, तरी रसग्रहणात गुण कापले जातात, ही तुझी तक्रार. कारण मला वहीतच दिसलं. ओळ दिसली रे दिसली की तू अलंकाराचं नाव हुडकायला धावतेस, वाक्याची बांधणी बघतच नाहीस.

'लाइक' किंवा 'ॲज' आलं की वहीच्या कडेला तुझं 'सिमिली', म्हणजे उपमा, ठरलेलं. आता 'शी वर्क्स ॲज अ नर्स' बघ. ती नर्सच आहे, मग उपमा कुठली? 'लाइक अ नर्स' म्हटलं तर ती नर्स नाही, पण नर्ससारखी राबते. 'ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर' यात तुलना आहे खरी, पण दोघा भावांची उंची मोजणं म्हणजे उपमा नव्हे. उपमेय (ज्याची तुलना करतो ते) आणि उपमान (ज्याच्याशी करतो ते) वेगळ्या जातीचे हवेत. भावाच्या जागी 'लॅम्प-पोस्ट' घाल, मग जमलं.

तुझ्या 'इट वॉज लेट, वी वेंट होम' या वाक्याला मी लाल शाई लावली होती. दोन स्वतंत्र उपवाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलीस, हा कॉमा स्प्लाइस. त्यावर तू थेट ज्युलियस सीझरला साक्षीला उभं केलंस: मग 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' कसं चालतं? प्रश्न झकास आहे. इ.स.पू. 47 मधल्या विजयाचं ते वाक्य. मूळ लॅटिनमध्ये तर तीनच शब्द, कारण कर्ता क्रियापदाच्या रूपातच सामावलेला. तिन्ही उपवाक्यं आखूड, एकाच साच्याची, चढत्या क्रमाची. शेवटच्याआधी 'अँड' घातलं की नुसती बातमी उरते. दोन्ही ठिकाणी घातलं तर चाल मंदावते, ते पॉलिसिंडेटन. 'अँड' मुद्दाम गाळणं हे असिंडेटन. नावं भारदस्त, पण सगळा खेळ एका उभयान्वयी अव्ययाचा. तुझ्या वाक्यात मात्र उशीर झाला हे कारण होतं. तिथे 'सो' हवंच.

आणि 'कॉम्प्लेक्स' वाक्य म्हणजे अवघड वाक्य, हे डोक्यातून काढ. 'आय नो ही लाइड' चारच शब्दांचं, तरी मिश्र वाक्य. 'दॅट' आत लपलाय. उलट एकच मुख्य क्रियापद असलेलं वीस शब्दांचं वाक्यही केवल वाक्य असू शकतं.

पीरिऑडिक सेंटेन्स, म्हणजे मुख्य उपवाक्य शेवटी ठेवणारं वाक्य, तुला निरर्थक वाटलं, यात तुझा दोष नाही. मराठीत क्रियापद एरवीही शेवटीच बसतं, आपल्याला थांबायची सवय असते. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं. म्हणून 'व्हेन द रेन स्टॉप्ड, व्हेन द लास्ट लॅम्प वेंट आउट, शी स्पोक' असं कुणी लिहिलं, तर मुख्य उपवाक्य त्याने मुद्दाम अडवून धरलंय. 'शी स्पोक' पुढे आणून वाच. ताण गेला ना? (तू मात्र प्रत्येक वाक्यात हे करू नकोस. वाचणारा कंटाळतो.)

ॲपॉस्ट्रॉफी हे चिन्हही आहे आणि गैरहजर व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून बोलण्याचा अलंकारही. प्रश्न नीट वाच, एवढंच.

पुढच्या पत्रात तुझ्या आवडीची पाच वाक्यं पाठव. क्रियापदांखाली रेघा पेनाने, अलंकारांची नावं पेन्सिलीने.