बोटं मोडल्याने सांधे झिजतात का? आणि गुडघ्यातून येणाऱ्या आवाजाबद्दल

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्यात, बोटं मोडायची सवय आहे आणि घरचे म्हणतात संधिवात होईल, शिवाय हल्ली जिना चढताना गुडघा करकर वाजतो. दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

आधी बोटांचं. तो आवाज हाडावर हाड घासल्याचा नसतोच. सांध्याभोवती बंद पिशवीसारखं आवरण असतं, आत थोडंसं चिकट वंगण आणि त्यात विरघळलेला वायू. बोट ओढलं किंवा वाकवलं की आतली जागा वाढते, दाब एकदम पडतो आणि वायूची पोकळी तयार होते, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसंच. आवाज पोकळी तयार होताना येतो की ती फुटताना, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. 2015 मध्ये कॅनडात एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून चित्रण केलं, त्यात आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि नंतरही ती टिकून होती. 2018 च्या एका गणिती मॉडेलचं म्हणणं उलट, ती थोडी जरी फुटली तरी तेवढा आवाज येतो. काहीही असो, वायू परत विरघळायला विसेक मिनिटं लागतात म्हणून तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, करून बघा.

संधिवाताचं म्हणाल तर डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पन्नासहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्या हाताची नाही, आणि शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले! 2009 ला त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं पारितोषिक. आता एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे खरंय, पण संधिवात असलेल्या-नसलेल्या लोकांच्या सवयी तपासल्या त्यातही संबंध सापडला नाही. त्यामुळे बिनधास्त मोडा, फक्त दुखेपर्यंत पिळू नका. मानेचे झटके मात्र कोणाकडूनही मारून घेऊ नका, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांना लागून जातात.

गुडघा. तिथे वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत वरखाली सरकते, स्नायूंचे दोर कडांवरून घसरतात, आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल तर सोडून द्या. पण लोक आवाजाला घाबरून चालणं, जिना सगळं बंद करतात आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं, कारण हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे तिथल्या गुळगुळीत, लवचिक थराला, रक्तपुरवठाच नसतो, तिचं पोषण त्या वंगणातून होतं आणि ते आत मुरायला सांध्यावर भार पडून सुटावा लागतो. म्हणजे हलवलंच नाही तर ती उपाशी, वर मांडीचे स्नायू कमजोर झाले की वाटी आणखी वाकडी सरकते.

सूज आली, गुडघा मध्येच अडकला, पाय टेकवताना एकदम लचकला किंवा पडल्यानंतर आवाज सुरू झाला तर मात्र दाखवून घ्या. आणि एक्स-रे बघून कोणी 'गॅप कमी झालाय' म्हटलं तर दचकू नका, साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, दोन हाडांमधली जी मोकळी जागा दिसते ती म्हणजे कूर्चेची जाडी, ती किती कमी आहे आणि तुम्हाला किती दुखतंय यांचा मेळ बसेलच असं नाही.