कम्युनिटी रेडिओचा टॉवर किती उंच चालतो आणि सॅकफाचा (टॉवरच्या जागेला आणि उंचीला मंजुरी देणारी केंद्र सरकारची समिती) अर्ज कुठे अडकतो?

अँटेना जमिनीपासून किमान १५ मीटर, जास्तीत जास्त ३० मीटर. टॉवर गच्चीवर असला तरी मोजायचं जमिनीपासूनच, इथेच बरेच जण फसतात. रेडिएटेड पॉवर, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती, सहसा १०० वॅट.

एलओआय (स्टेशनसाठी सरकारचं इरादापत्र) हातात आलं की सॅकफाचा अर्ज सरल संचार पोर्टलवर भरा. घोळ होतो तो अक्षांश-रेखांशात. डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं ती मोजणीपद्धत) प्रमाणे अंश-मिनिट-सेकंद द्या. मोबाइलवरचे दशांश जसेच्या तसे सेकंदांच्या रकान्यात टाकू नका. अक्षांशात एका सेकंदाची चूक म्हणजे टॉवर ३० मीटर सरकला! जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही नीट काढा. विमानतळ जवळ असेल तर खरी कात्री तिथेच लागते, आणि वरचा वीजरोधक दांडाही उंचीत धरतात. मंजुरीआधी पाया खणू नका.