वाचकांचे प्रश्न : जाळीपलीकडचा दिवस

प्रश्न : आमच्या वसईत सिस्टर म्हटले की शाळा, दवाखाना नाहीतर बालवाडी डोळ्यांसमोर येते. मात्र काही मठांतील भगिनी एकदा आत गेल्या की सहसा बाहेर येत नाहीत, नातलगांशीही जाळीआडून बोलतात, असे वाचनात आले. असे कोंडून घेण्यामागे हेतू काय आणि दिवसभर त्या करतात तरी काय?

उत्तर : शाळा-दवाखाने चालवणाऱ्या संस्था आणि हे बंदिस्त मठ यांची नियमावलीच निराळी असते, येथे प्रार्थना हेच मुख्य काम मानलेले आहे. बेनेडिक्टाइन, क्लॅरिस, कार्मेलाइट अशा निरनिराळ्या परंपरांना एकच उत्तर लागू पडणार नाही, म्हणून स्पेनमधील आविला येथे सोळाव्या शतकातील कार्मेलाइट भगिनी संत तेरेसा (मदर तेरेसा नव्हेत) यांनी २४ ऑगस्ट १५६२ रोजी स्थापन केलेल्या संत जोसेफ मठाच्या आधारे लिहितो. अनवाणी कार्मेलाइट ही शाखा तिथूनच सुरू झाली.

त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ तेरेसा त्याच गावातील एन्कार्नासिओन मठात राहत होत्या आणि तो मठ मुळीच बंदिस्त नव्हता. दीडशेहून अधिक भगिनी, त्यांतल्या श्रीमंत घरच्यांना स्वतंत्र खोल्या आणि दिमतीला माणसे, गरीब घरच्यांना सामाईक दालन, भेटीच्या खोलीत पाहुण्यांची वर्दळ, आणि मठाला सर्वांचे पोट भरणे झेपेना म्हणून भगिनींनी दीर्घकाळ नातलगांकडे जाऊन राहणे, असा तिथला रिवाज होता. तेरेसांना जाळी हवी होती ती ही वर्दळ आणि घराण्यांचा मानपान दाराबाहेर ठेवण्यासाठी. नव्या मठात त्यांनी भगिनींची संख्या सुरुवातीला तेरावर ठेवली, नावामागे ‘दोन्या’ ही खानदानी उपाधी लावण्यास मनाई केली आणि झाडलोटीच्या पाळ्या मठप्रमुख भगिनीपासून सुरू व्हाव्यात, असे नियमातच लिहून ठेवले. सबंध नियमावलीत मला हेच कलम सर्वांत बोलके वाटते.

दिनक्रम असा ठरवलेला होता : उन्हाळ्यात पाचला आणि हिवाळ्यात सहाला उठून तासभर मौन ध्यान, मग मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना, ठरलेल्या वेळांना बायबलमधील स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे, दिवसभरात ध्यानाचा आणखी एक तास, आणि रात्री आठची घंटा झाली की दुसऱ्या सकाळच्या प्रार्थनेपर्यंत मौन. आजारी भगिनी वगळता मांस वर्ज्य; १४ सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत उपवास. काम मात्र प्रत्येकीने आपापल्या खोलीत एकटीने करायचे, कारण चार जणी एका ठिकाणी बसल्या की बोलणे निघतेच. पोटापाण्यासाठी सूतकताई व शिवण करायची, सोन्याचांदीच्या जरीला हात लावायचा नाही आणि मोबदल्यासाठी घासाघीस करायची नाही; मिळेल ते आनंदाने घ्यावे आणि परवडत नसेल तर ते काम पुन्हा घेऊ नये, असा साधा हिशेब होता.

आज अनेक मठ मिस्सेसाठी लागणाऱ्या ओस्त्या, म्हणजे भाकरीच्या पातळ चकत्या, तयार करतात, तर स्पेनमधील कित्येक मठ बिस्किटे व मिठाई विकतात. विक्री होते ती भिंतीत बसवलेल्या उभ्या लाकडी फिरत्या कप्प्यातून. गिऱ्हाईक घंटी वाजवते, आतून ‘आवे मारिया पुरिसिमा’ (परमशुद्ध मारिये, प्रणाम) असा आवाज येतो, ठरलेले उत्तर देऊन काय हवे ते सांगायचे आणि पैसे कप्प्यात ठेवायचे. कप्पा करकरत फिरतो आणि समोर बिस्किटांचा डबा येतो. आतल्या भगिनीचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही.

खरी कसोटी मात्र एकांताची नसून त्याच त्या मोजक्या जणींबरोबर आयुष्य काढण्याची आहे. तेरेसा हे जाणून होत्या. जेवणानंतर सर्वांनी चात्या घेऊन एकत्र बसावे, गप्पा माराव्यात, हसावे, अशी वेळ त्यांनी राखून ठेवली.

प्रश्न : मौन ध्यान म्हणजे जप का? एवढा वेळ मन लागते तरी कसे?

उत्तर : जप नव्हे. आपल्यावर ज्याचे प्रेम आहे हे आपल्याला ठाऊक आहे, अशा मित्राशी एकांतात वारंवार केलेले हितगुज, असे तेरेसांनी त्याचे वर्णन केले आहे. मन लागण्याचे म्हणाल, तर त्यांचेही लागत नसे. हाताशी पुस्तक असल्याशिवाय ध्यानाला बसण्याचे धाडस आपल्याला कित्येक वर्षे झाले नाही आणि काही काळ तर तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडेच आपले कान लागलेले असत, हे त्यांनीच आत्मवृत्तात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आज्ञेनुसार स्वयंपाकघरात राबावे लागले तर खंत करू नका, देव भांड्याकुंड्यांतही वावरतो, असेही त्या भगिनींना सांगत. मराठी वाचकाला येथे जनाबाईंचे जाते आठवेल आणि ते आठवणे गैर नाही; फक्त जनाबाई दुसऱ्याच्या घरी राबत होत्या आणि या भगिनी आपण होऊन आल्या होत्या, हा फरक विसरू नये.

प्रश्न : आत गेलेल्या मुलीला परत यायचे असेल तर? आणि असे मठ आपल्याकडे होते का?

उत्तर : २०१८च्या व्हॅटिकनच्या नियमांनुसार प्राथमिक प्रशिक्षणाचा काळ किमान नऊ आणि कमाल बारा वर्षांचा असतो. अंतिम व्रते घेण्यापूर्वी परतण्याची वाट खुली असते. त्यानंतर मात्र रोमची परवानगी लागते. दवाखान्यासाठी किंवा मतदानासाठी बाहेर पडता येते.

आपल्याकडचे जुने उदाहरण म्हणजे जुन्या गोव्यातील सांता मोनिका हा ऑगस्टिनियन भगिनींचा मठ. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी तो १६०६ मध्ये स्थापन केला. १६३६ मध्ये तो आगीत सापडला आणि पुन्हा बांधला गेला. पोर्तुगालमध्ये १८३४ साली धर्मसंघांवर बंदी आल्यानंतर त्यात नव्या भगिनी घेता येईनात. आधीपासून असलेल्या भगिनी मात्र तिथेच राहिल्या; त्यांतील शेवटची १८८५ मध्ये वारली.