काढून टाकलेला प्रशिक्षक वाईटच होता का?

प्रश्न : नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना २००३ मध्ये काढलं. ते बरोबर की चूक, यावर आमच्या धरमपेठेतल्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. कोणाचं खरं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सोलिच यांचा एकूण आकडा ५८ विजय, १९ पराभव, म्हणजे ७५ टक्के. वाद मिटत नाही तो यामुळेच, कारण ही बेरीज उतार लपवते. ती फोडून बघा. १९९८ ते २००१ : ४२-९. पुढच्या दोन मोसमांत : १६-१०.

असं का झालं? कॉलेजात खेळाडू चार-पाच वर्षंच टिकतो. पहिल्या वर्षांतला संघ बराचसा आधीचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी निवडलेला होता. २००१ चा हाइजमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, एरिक क्राउचसुद्धा त्यांच्याच भरतीतला. सोलिच यांची स्वतःची भरती मैदानात उतरली तेव्हा २००२ ला ७-७. विरोधकांचा हा मुद्दा वजनदार आहे. २००१ अखेर कोलोरॅडोकडून ६२-३६ असा मार बसला, तोही चाहते विसरले नाहीत.

तरीही माझं मत सोलिच यांच्या बाजूचं. काढलं त्या वर्षी संघ ९-३ होता, म्हणजे गाडी रुळावर येत होती. नंतरचे बिल कॅलाहन चार वर्षांत २७-२२ वर थांबले, आणि पहिल्याच मोसमात ५-६ झाल्याने सलग ३५ वर्षांची बोल सामन्यांची (मोसमाअखेर निवडक संघांना मिळणारे सामने) परंपरा तुटली. कट्ट्यावर वर्षवार तक्ता मांडा, नुसती टक्केवारी नको.