सर्व्हर बदलल्यावर वाचनालयाच्या डेटाबेसमधली मराठी नावं बिघडली. आल्टर टेबल चालवू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. वाचनालयाची पुस्तकांची आणि सभासदांची यादी मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामच्या ५.६ आवृत्तीवर बरीच वर्षं सुरळीत चालली होती. ८.० वर आणल्यापासून जुन्या नोंदी टोप्या-टिंबं लावलेल्या रोमन अक्षरांत दिसतात आणि नव्याने भरलेल्या नोंदींमध्ये नुसती प्रश्नचिन्हं येतात. आता कुणीतरी सुचवलंय की आल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) देऊन सगळं यूटीएफ८एमबी४ (मराठीसह सगळ्या लिपी मावणारी अक्षरं साठवायची पद्धत) करून टाका.

ते आल्टर टेबल अजून चालवू नका. आधी नवीन नोंदी भरणं थांबवा, कारण माझा अंदाज बरोबर असेल तर जुन्या नोंदी शाबूत आहेत आणि खरं नुकसान फक्त नव्या नोंदींचं होतंय, तेही रोज.

डेटाबेसमध्ये काय साठलंय आणि पडद्यावर काय दिसतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, थेट बाइट, म्हणजे आत साठलेले मूळ आकडे, बघायचे. त्यासाठी हेक्स हे फंक्शन आहे, ते प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दाखवतं. बिघडलेली एक जुनी आणि एक नवी नोंद घ्या आणि दोन्हींच्या नावाच्या कॉलमवर हेक्स लावून सिलेक्ट करा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यांची सुरुवात ई०-ए४ किंवा ई०-ए५ ने होते. 'म' म्हणजे ई०-ए४-एई. सोबत शो क्रिएट टेबल देऊन त्या कॉलमचा कॅरॅक्टर सेट (कुठल्या अक्षराला कुठले बाइट, याचा तक्ता) कोणता आहे तेही बघा. या दोन उत्तरांशिवाय कुठलीही दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणं.

जुन्या नोंदीत ई०-ए४ दिसलं आणि कॉलम लॅटिन१ (पश्चिम युरोपातल्या रोमन अक्षरांचा तक्ता) निघाला, तर गोष्ट अशी घडली आहे. मायएसक्यूएल मूळची स्वीडनमधली, आणि तिचा डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, लॅटिन१ होता. तुमचा जुना प्रोग्राम मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्येच पाठवत होता, पण कनेक्शन 'मी लॅटिन१ आहे' असं सांगत होतं. सर्व्हरने ते बाइट न बदलता ठेवून घेतले आणि मागितले तेव्हा तसेच परत दिले. गैरसमज दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे कुणाला काही कळलं नाही. नव्या सर्व्हरवर कनेक्शन यूटीएफ८एमबी४ झालं. आता सर्व्हर प्रामाणिकपणे लॅटिन१ मधून रूपांतर करून देतो, म्हणजे प्रत्येक बाइटला एक वेगळं रोमन अक्षर समजतो. एका 'म'ची तीन चिन्हं होतात ती यामुळे.

नव्या नोंदींचं नेमकं उलट होतंय. प्रोग्राम खरी मराठी पाठवतो, कनेक्शनही खरं सांगतं, पण लॅटिन१ च्या कॉलममध्ये 'म' ठेवायला जागाच नाही. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग, चालू असता तर १३६६ क्रमांकाची एरर आली असती आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. बहुधा जुनी सेटिंगची फाइल उचलून आणताना स्ट्रिक्ट मोड बंद राहिला, त्यामुळे सर्व्हर इशारा देऊन '?' साठवतो. तिथे हेक्समध्ये ३एफ-३एफ-३एफ दिसेल. ती नावं गेली. त्यांच्यावर कुठलंही कन्व्हर्ट चालणार नाही, ती दाखल नोंदवहीवरून पुन्हा भरावी लागतील. स्ट्रिक्ट मोड आजच चालू करा. एरर दिसायला त्रासदायक असते, पण गुपचूप नावं पुसली जाण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

आता आल्टर टेबलमध्ये धोका काय? कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट ही आज्ञा कॉलम खरोखर लॅटिन१ आहे असं मानून रूपांतर करते. तुमचा 'म' मग सी३-ए०-सी२-ए४-सी२-एई असा सहा बाइटांचा होऊन बसतो, म्हणजे चूक कायमची साठवली जाते. योग्य रस्ता दोन टप्प्यांचा आहे. कॉलम आधी व्हारबायनरी करायचा (टेक्स्ट असेल तर ब्लॉब), म्हणजे सर्व्हर अक्षरांचा विचारच सोडून देतो. मग तोच कॉलम यूटीएफ८एमबी४ चा व्हारकॅर, म्हणजे अक्षरांचा कॉलम, करायचा. बाइट जागचे हलत नाहीत, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. दोन्ही वेळा नॉट नल (रिकामं चालणार नाही) आणि डीफॉल्ट (न भरल्यास घ्यायची किंमत) पुन्हा लिहायला विसरू नका, कॉलम बदलणारी मॉडिफाय ही आज्ञा ते आपोआप सांभाळत नाही. आणि नुसतं 'यूटीएफ८' लिहू नका. मायएसक्यूएलमध्ये त्याचा अर्थ तीन बाइटांपर्यंतच. देवनागरी त्यात मावते, पण सभासदाने शेऱ्यात एक इमोजी टाकला की पुन्हा तेच रडगाणं.

हे करताना दोन ठिकाणी अडकायची शक्यता आहे. पहिलं म्हणजे तुटलेली अक्षरं. लॅटिन१ मध्ये ५० चा व्हारकॅर म्हणजे ५० बाइट, म्हणजे मराठीची पूर्ण चिन्हं सोळाच. 'क्ष' एकटा तीन चिन्हं आणि नऊ बाइट खातो. लांब शीर्षकं शेवटच्या अक्षराच्या मधोमध कापली गेली असतील, आणि दुसऱ्या टप्प्यात त्या ओळींवर १३६६ येईल. अशा ओळी आधीच शोधून शेवटचे अर्धवट बाइट काढून टाका आणि शीर्षक नंतर पूर्ण करा. दुसरं म्हणजे इंडेक्स, भराभर शोधण्यासाठी सर्व्हर ठेवतो ती सूची. २५५ चा व्हारकॅर यूटीएफ८एमबी४ मध्ये चिन्हाला चार बाइट धरून १०२० बाइटांचा धरला जातो, आणि टेबल जुन्या कॉम्पॅक्ट स्वरूपात असेल तर ७६७ बाइटांची मर्यादा आडवी येते. एरर १०७१. बरेच जण इथे कॉलम १९१ चा (म्हणजे ७६४ बाइटांचा) करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. टेबलाचं रो फॉरमॅट डायनॅमिक करा, मर्यादा ३०७२ होते आणि कुणाचं शीर्षक कापावं लागत नाही.

हेक्समध्ये सी३-ए०-सी२ आधीच दिसत असेल, तर कुणीतरी तुमच्याआधी तो आल्टर चालवलाय. घाबरू नका, तेही उलटवता येतं. आधी लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट, मग कास्ट करून बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट. पण अपडेट आज्ञेला व्हेअर ही अट लावून फक्त सी३-ए०-सी२ असलेल्या ओळीच निवडा. तीच आज्ञा शुद्ध मराठी ओळीवर चालली तर तिची प्रश्नचिन्हं होतील.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती मराठीलाच लागते. डंपची, म्हणजे डेटाबेसच्या मजकूररूपी नकलेची, फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये उघडून 'दुरुस्त' करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. विंडोजच्या १२५२ या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) पाच बाइटांना अर्थच नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. नेमके याच बाइटांनी आपला ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, हलन्त, ए, ऐ आणि झ संपतात. अनेक साधनं ते बाइट गाळतात किंवा बदलतात, आणि मग बाकीचं वाक्य ठीक दिसतं पण जोडाक्षरं फुटतात. मायएसक्यूएलचा लॅटिन१ मात्र हे पाचही बाइट जसेच्या तसे पुढे नेतो. म्हणून सगळं रूपांतर सर्व्हरच्या आतच करा.

सुरुवात करण्याआधी सर्व्हर बंद करून पूर्ण डेटा डिरेक्टरीची नक्कल घ्या. मायएसक्यूएल डंपचा भरवसा इथे नको, तो स्वतः कॅरॅक्टर सेट बदलून लिहितो. मग ती नक्कल दुसऱ्या मशीनवर चढवून हा सगळा प्रकार एकदा तिथे करून बघा. तपासताना 'राम' शोधून थांबू नका. झ, ऐ, उकार आणि जोडाक्षरं असलेली नावं बघा: झुंबर, ऐश्वर्या, मुक्ता, एकनाथ. 'ऱ्या' असलेली शीर्षकंही शोधा. 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त असा टाइप करतात, तर काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. दिसायला एकच, बाइट वेगळे. एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही, तेव्हा दोष या दुरुस्तीचा समजू नका.

त्या दोन नोंदींचे हेक्स आणि शो क्रिएट टेबलचं उत्तर इथे टाका. सभासदाचं नाव नको, पुस्तकाचं शीर्षक पुरे. ते पाहून तुमच्या टेबलाची नेमकी आज्ञा लिहून देतो.